डावखुरी ठिपकी

मुलांनो, जरा डोळे मिटा पाहू. नको, मग वाचाल कसं? एकच डोळा मिटा, तेवढ्यानं भागेल.

आता कल्पना करा. तुम्ही एका लाँड्रीच्या वर, दोन खोल्यांत राहता. खालून दिवसभर वाफ येते, त्यामुळे घरातली जमीन थंडीतही कोमट असते. तुम्ही शाळेतून परत येताय. वाटेत वाचनालय लागतं. तिथल्या टेबलावर दर एक-दोन दिवसांनी कुणीतरी छापील कागदांचा गठ्ठा ठेवून जातं. कागदावर चौकटी असतात आणि चौकटींत मोठमोठ्या डोळ्यांची, उभ्या केसांची माणसं. मुलं त्याला मांगा म्हणतात. या मांगाचं नाव ‘उसनं घर’. त्यात एक कुटुंब आहे, पण त्यातलं कुणीच कुणाचं नाही. सगळे आपण कोण आहोत ते लपवतात आणि दर वेळी त्यांची फजिती होते. हे कोण काढतं, कोण ठेवतं, कुणालाच ठाऊक नाही.

तुम्ही एक कागद उचलता आणि चालता चालता वाचता. पहिल्या चौकटीत आजोबा चहा पिताहेत. समोर आई आणि छोटी मुलगी. चौकटीच्या खालच्या कडेला आणखी कुणाचे तरी दोन हात, कप धरलेले. दुसऱ्या चौकटीत आजोबांच्या गालावरची चामखीळ सुटते आणि टुपकन कपात पडते. तिसरीत आजोबा कप रिकामा करतात. चौथीत सगळे कपात डोकावताहेत, आणि चामखीळ कुठेच नाही.

तुम्ही फस्सकन हसता. मग ते हसू तिथेच थिजतं.

कारण हे काल संध्याकाळी घडलंय. तुमच्या घरात. दाराला कडी होती, खिडकीवर पडदा ओढलेला होता, आणि तुम्हा चौघांशिवाय तिथे कुणीही नव्हतं.

आता उघडा दुसरा डोळा. हे खरं ज्या मुलीच्या वाट्याला आलं, तिच्याकडे चला.

२

तिच्या नाकावर तीळच तीळ होते, म्हणून तिचं नाव ठिपकी. हे नाव बाबांनी ठेवलं. त्याआधी ती मोठ्या फाटकाच्या वसतिगृहात होती. तिथे मुलांना खाटेच्या नंबरानं हाक मारत. आपला नंबर तिनं नव्या घरात कुणालाही सांगितला नव्हता. तो आकडा गणिताच्या पुस्तकात आला, तरी ती पान उलटायची.

हे घर जमलं कसं, तेही ऐका. लाँड्रीच्या दारावर पाटी होती, ‘वरच्या खोल्या भाड्याने, फक्त कुटुंबास’. पाटीसमोर एक बाई, एक पुरुष आणि एक म्हातारे गृहस्थ उभे होते. तिघेही एकमेकांना अनोळखी, तिघांच्याही चेहऱ्यावर पळून आल्याची धाप. बाजूच्या पायरीवर, फाटकातून निसटलेली ठिपकी गुडघे पोटाशी घेऊन बसली होती. तेवढ्यात घरमालकीणबाई हातात इस्त्री घेऊनच बाहेर आल्या.

“कुटुंब आहात का?”

चौघांनी एकमेकांकडे पाहिलं.

“हो,” चौघं एकदमच म्हणाली.

अशी आई मिळाली, बाबा मिळाले आणि आजोबा मिळाले. घरात नियम एकच होता. मागचं विचारायचं नाही. कोण कुठून पळालं, कुणाला भिऊन पळालं, काही नाही. पण लोक तर विचारणार! म्हणून दर रविवारी तालीम होई.

“लग्नाच्या दिवशी?” आई विचारायची.

“थोडा पाऊस होता,” बाबा म्हणायचे.

“हॉलच्या कोपऱ्यात गळत होतं,” आजोबा म्हणायचे.

“चूक. हॉलच्या डाव्या कोपऱ्यात गळत होतं. पुन्हा.”

“अगं, डावा काय न् उजवा काय, कोण बघायला गेलंय?”

“कुणीच गेलेलं नाही, म्हणूनच तर पाठ करायचं. पुन्हा!”

ठिपकीला ही तालीम फार आवडायची. आणि आता हातातल्या त्या कागदाकडे बघताना तिला कळलं, की कुणीतरी त्यांचं घर पाहतंय. आतून पाहतंय.

ती पळतच जिना चढायला लागली, तर खालून घरमालकीणबाईंची हाक आली.

“ए ठिपके! आईला सांग, शनिवारी बालकल्याण कचेरीतून बाई येणार आहेत. तुझ्या शाळेनं नाव कळवलंय म्हणे. घर बघणार, माणसं बघणार. घर ठीक वाटलं नाही, तर मूल घेऊन जातात हो त्या!”

ठिपकीनं कठडा घट्ट धरला. त्या कचेरीतल्या बाईंच्या हातात ‘उसनं घर’ पडलं तर?

शनिवार अगदी जवळ होता. कागद कोण काढतं, ते त्याआधी शोधायलाच हवं होतं.

३

भीती वाटली की माणूस दोन गोष्टी करतो. पांघरूण डोक्यावर घेतो, नाहीतर नीट बघायला लागतो. ठिपकीनं आधी पांघरूण घेतलं. मग त्यात गुदमरायला झालं, म्हणून ती बघायला लागली.

पलंगाखाली जमिनीच्या दोन फळ्यांमध्ये फट होती. फटीतून वाफेचा बारीक धागा वर येत होता. ठिपकी पालथी पडली आणि तिनं फटीला डोळा लावला. खाली इस्त्रीचं टेबल दिसलं, पांढऱ्या चादरीवरून फिरणारी इस्त्री दिसली, घरमालकीणबाईंचा अंबाडा दिसला.

इस्त्री थांबली. अंबाडा हळूहळू मागे कलला. घरमालकीणबाईंनी मान वर केली आणि थेट ठिपकीच्या डोळ्यात पाहिलं.

“खाली ये,” त्या म्हणाल्या.

ठिपकी खाली गेली. वाफेत उभ्या असलेल्या घरमालकीणबाई एखाद्या ढगातून बाहेर आल्यासारख्या दिसत होत्या.

“वरून डोळे कसले लावतेस गं?”

“तुम्ही... तुम्ही आमच्या घरात बघता?”

“बघते तर! माझं छत आहे ते. ठण्ण ठण्ण चमचे आपटल्याचे आवाज येतात, मग मान वर होणारच. पण दिसतं काय? तळपाय! दुसरं काही नाही.” त्या जवळ आल्या आणि आवाज खाली आणून म्हणाल्या, “एक सांगू? तुझ्या आजोबांचे तळपाय बघ कधीतरी. एवढे गुळगुळीत तळपाय म्हाताऱ्या माणसाचे मी जन्मात पाहिले नाहीत.”

जिना चढताना ठिपकीचं डोकं चालू झालं. कागदावर चेहरे असतात. टेबलापाशी बसून समोर बघावं, तसे. फटीखाली उभं राहून चेहरे काढता येणार नाहीत. म्हणजे घरमालकीणबाई नाहीत.

म्हणजे काढणारा टेबलापाशी बसतो. म्हणजे घरातलंच कुणीतरी.

हे कळल्यावर सुटल्यासारखं वाटायला हवं होतं ना? उलट तिला जास्तच भीती वाटली. बाहेरच्या माणसासाठी दाराला कडी लावता येते. आतल्या माणसासाठी काय लावणार?

४

आजोबा खिडकीत पेंगत होते. वाचनालयात रोज तेच जायचे. ठिपकीनं हळूच त्यांच्या तळपायांकडे पाहिलं. खरंच गुळगुळीत होते.

“आजोबा, हे तुम्ही काढता?”

तिनं कागद पुढे केला. आजोबांनी चष्मा लावला, कागद पाहिला आणि ताडकन उठून उभे राहिले. गुडघे धरायचं विसरून गेले, कण्हायचंही विसरले.

“चामखीळ डाव्या गालावर? डाव्या? अगं, इतकी वर्षं कामं केली, पण लावलेली गोष्ट मी कधी एका गालावरची दुसऱ्या गालावर...” ते थबकले. मग सावकाश खाली बसले आणि घोगऱ्या आवाजात म्हणाले, “म्हणजे, लावायचा प्रश्नच नाही. जन्मापासून उजवीकडेच आहे ती.”

ठिपकीनं त्यांच्याकडे नुसतं पाहिलं.

“बरं, बरं,” आजोबा तरुण आवाजात पुटपुटले. “नाटकात होतो मी. एका मोठ्या माणसाविरुद्ध साक्ष दिली. तो मला शोधतोय, पण म्हातारा शोधत नाहीये. एवढंच. आणि पोरी, मी हे काढलं असतं, तर चामखिळीचा गाल चुकलो असतो का?”

नसते चुकले. चामखिळीच्या बाबतीत आजोबा फार काटेकोर होते.

मग राहिली आई. आई दाराजवळच्या मोठ्या आरशासमोर उभी होती. हा आरसा तिनं येताना सोबत आणलेला, पाठीला बांधून. तिच्या बोटांची टोकं काळी झाली होती. कागदावरच्या शाईसारखी काळी!

“काय गं, पाळत ठेवतेस माझ्यावर?” आईनं मागे न बघता विचारलं, आणि हातातला चमचा खांद्यावरून भिरकावला. तो आतल्या खोलीतल्या भांड्यात ठण्णकन जाऊन बसला.

“तुझी बोटं काळी का आहेत?”

आई खाली वाकली आणि तिनं भांग बाजूला केला. मुळापाशी केस लालभडक होते.

“सर्कशीत सुऱ्या फेकायचे मी. मालक सोडत नव्हता, पळून आले. लाल केसांची बाई शोधणारी माणसं काळ्या केसांच्या बाईकडे बघत नाहीत. बोटांना लागलाय तो केसांचा रंग. हुंगून बघ हवं तर.”

ठिपकीनं हुंगलं. शाईचा वास तिला शाळेमुळे माहीत होता. हा तो नव्हता. आणि कागदातली आई तर पाठमोरीसुद्धा असायची. स्वतःची पाठ कोण बघून काढणार?

“आई, शनिवारी मला नेलं तर?”

आईनं ठिपकीला इतकं जवळ ओढलं, की ठिपकीच्या कपाळाला काळा रंग लागला.

५

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी बाबांबरोबर ठिपकी लाँड्रीत चादरी आणायला गेली. बाबा कापडाच्या दुकानात काम करतात, असं ते सांगत. ते फार कमी बोलायचे. जेवायला बसताना टेबलावर एक फुंकर मारायची त्यांची सवय होती, कण असोत की नसोत. आई त्यांच्यावर एकाच गोष्टीवरून चिडायची. “पँटच्या दुमडीत हे रबराचे कण कुठून आणता हो? शाळेत जाता की काय?”

घरमालकीणबाई चादरी मोजत होत्या, तोवर दोघं बाकावर बसली. दाराच्या काचेवर बाहेरून काहीतरी लिहिलेलं होतं. आतून ते उलटं दिसत होतं. ठिपकीनं ते वाचायचा प्रयत्न केला, पण दुसऱ्याच अक्षराला ती अडकली.

“काय लिहिलंय हो, बाबा?”

“कपडे हरवल्यास मालक जबाबदार नाही. तक्रार त्याच दिवशी करावी,” बाबांनी घडाघडा वाचून दाखवलं आणि बाकावर एक फुंकर मारली.

चादरी वर पोचवून ठिपकी वाचनालयापर्यंत पळत गेली. टेबलावर नवा गठ्ठा आलेला होता. ठिपकीनं कागद उचलला आणि जिन्यात, एकटी असताना, उघडला.

पहिल्या चौकटीत मुलगी डाव्या हातानं गृहपाठ करत होती. दुसरीत आई तिला जवळ घेऊन बसली होती. तिसरीत एक जिना होता, आणि जिन्यावर एक बाई, खांद्याला पिशवी लावलेली, चेहरा न दिसणारी. खाली शब्द होते, ‘ती येतेय.’

शेवटची चौकट नुसती काळी होती.

ठिपकीच्या हातातून कागद गळून पडला.

६

शुक्रवारी सकाळी शाळेची तयारी करताना ठिपकी आरशासमोर वेणी घालत होती. कागद आरशाच्या चौकटीला टेकवून ठेवलेला. तिला त्याच्याकडे बघवत नव्हतं आणि बघितल्याशिवाय राहवतही नव्हतं. कागदात खिडकी दाराच्या एका बाजूला होती. खऱ्या घरात ती दुसऱ्या बाजूला होती. तिनं मान वर करून आरशात पाहिलं.

आरशातल्या खोलीत खिडकी कागदातल्यासारखीच होती! आरशातले आजोबा पेंगत होते, आणि त्यांची चामखीळ डाव्या गालावर होती. आरशातल्या ठिपकीच्या हातात कंगवा होता, डाव्या हातात.

तिनं कागद फिरवून आरशासमोर धरला. चित्रं झटकन सुलट झाली. हुबेहूब त्यांचं घर! फक्त ‘ती येतेय’ हे शब्द उलटे झाले.

आता थांबा, मुलांनो. इथे मी दोन घोट पाणी पितो, तोवर तुम्ही विचार करा. ठिपकीला जे ठाऊक आहे ते सगळं तुम्हालाही ठाऊक आहे. कागदावर चित्रं उलटी पडतात, पण अक्षरं सरळ पडतात. असं कुणाच्या हातून होईल? घाई नाही. चुकलात तरी मी रागावणार नाही.

सुचलं? ठिपकीला सुचायला शाळेची घंटा होईपर्यंत वेळ लागला. ती घंटा तिला ऐकूही आली नाही.

संध्याकाळी बाबा जिना चढताना ती मधल्या पायरीवर बसलेली होती.

“बाबा, तुम्ही कापडाच्या दुकानात नसता. तुम्ही शिक्के कोरता. रबराचे.”

बाबा तिथेच उभे राहिले.

“शिक्क्यावर कोरलेलं कागदावर उलटं पडतं,” ठिपकी म्हणाली. “म्हणून अक्षरं उलटी कोरायची, म्हणजे ती सरळ पडतात. तुमच्या हाताला त्याची सवय आहे. काचेवरचं उलटं तुम्ही असं वाचलंत, जसं काही ते सरळच आहे. पण चित्रं तुम्ही कधी कोरलेली नाहीत. म्हणून दिसलं तसं कोरलंत, आणि ती उलटी छापली गेली. मी डावखुरी झाले. रबराचे कण तुमच्या पँटमध्ये असतात. फुंकर मारता ती कोरलेलं रबर उडवायला. आणि बाबा...” तिनं त्यांच्या हातांकडे पाहिलं. “त्या घरात सगळ्यांचे चेहरे आहेत. बाबांचा नाही. नुसते हात आहेत. स्वतःकडे बघितलं की तेवढंच दिसतं ना?”

बाबा तिच्या शेजारी पायरीवर बसले.

“उलटी आलीत?” त्यांनी विचारलं. “खरंच? छापून झालं की मी अक्षरं तपासतो. आयुष्यभर तेवढंच तपासलं. चित्रं तपासायची असतात, हे डोक्यातच आलं नाही.”

“पण काढलीत का?”

“माझ्याकडून काही लोक खोटे सरकारी शिक्के करून घ्यायचे. नाही म्हटलं आणि पळालो. मग हे घर मिळालं. मागचं बोलायचं नाही, ठीक. पण मला आजचंही बोलता येत नाही गं. तुम्ही तिघं जेवताना हसता, तेव्हा वाटतं, हे कुठेतरी उमटून राहायला हवं. नाहीतर उद्या कुणी म्हणेल, असं घर नव्हतंच.” त्यांनी तळहातांकडे पाहिलं. “ती काळी चौकट... तिच्यात पुढे काय काढायचं, ते सुचलंच नाही. भीती वाटली.”

“बाबा, ते कागद गावभर गेलेत. त्या बाईंनी पाहिले असले तर?”

बाबांनी हे मनातच आणलं नव्हतं. ठिपकीनं त्यांचे हात आपल्या दोन्ही हातांत धरले.

७

शनिवारी बाई आल्या. खांद्याला पिशवी, काखेत फाइल. जिन्यावर त्यांची पावलं वाजली तेव्हा घरात कुणी श्वासही घेत नव्हतं.

बाई एकेकाला आतल्या खोलीत बोलावून प्रश्न विचारत होत्या. ठिपकी दाराला कान लावून ऐकत होती.

“थोडा पाऊस होता. हॉलच्या डाव्या कोपऱ्यात गळत होतं,” आजोबा म्हणाले.

“थोडा पाऊस होता. हॉलच्या डाव्या कोपऱ्यात गळत होतं,” आई म्हणाली.

“थोडा पाऊस होता,” बाबा म्हणाले, “हॉलच्या डाव्या कोपऱ्यात गळत होतं.”

बाई बाहेर आल्या. त्यांनी फाइल मिटून टेबलावर ठेवली.

“मी खूप घरं पाहिली आहेत,” त्या म्हणाल्या. “लग्नात पाऊस होता का, हे विचारलं की खरी माणसं भांडतात. एक म्हणतो होता, दुसरी म्हणते छे हो, तो तुमच्या भावाच्या लग्नात. तुमचा एक शब्दही चुकला नाही. म्हणजे तुम्ही खोटं बोलताय.”

आजोबांची चामखीळ घामानं सुटायला आली होती.

“खोटं बोलणारी सगळीच माणसं वाईट नसतात. एकत्र राहायचं ठरवलेल्या माणसांकडे मूल ठेवायची शिफारस मला करता येते. पण खरं काय आहे, तेच मला ठाऊक नसेल तर मी कशावर सही करू? ज्या घराचं मला काही कळत नाही, तिथे मी मूल सोडून जाऊ शकत नाही.”

मग त्यांनी चष्मा काढायला पिशवीत हात घातला. चष्म्याबरोबर काही कागद बाहेर आले. ‘उसनं घर’!

आईनं डोळे मिटून घेतले. बाबांनी खुर्चीची पाठ धरली.

“वेड्यासारखी मी जाईन तिथे हे घर शोधते,” बाई स्वतःशीच बोलल्यासारख्या म्हणाल्या. “इथे जिना चढताना क्षणभर वाटलं होतं. पण नाही. यातली मुलगी डावखुरी आहे. तू, बाळ?”

“मी उजव्या हातानं लिहिते,” ठिपकी म्हणाली. ते खरंच होतं.

“चामखीळ डाव्या गालावर. खिडकी त्या बाजूला. नाही, हे ते घर नाही.” त्या उठल्या. “तुझे कपडे भर, बाळ. तुझा जुना नंबर आहे माझ्याकडे. खाट अजून रिकामी आहे.”

ठिपकीच्या कानात वसतिगृहाची घंटा वाजायला लागली. पण पांघरुणात शिरायला आता जागा नव्हती. म्हणून ती नीट बघायला लागली.

तिनं बाईंच्या हातातले कागद पाहिले. ते फाइलमध्ये नव्हते. पिशवीत चष्म्याशेजारी, जिथे आपण आपल्या जवळच्या वस्तू ठेवतो, तिथे होते. घड्या घालून उघडून ते कापडासारखे मऊ झाले होते. एक कागद मधोमध फाटला होता, तो मागून चिकटपट्टीनं जपून जोडलेला होता. चामखिळीच्या चौकटीवर चहाचा डाग होता. चहा पिताना हसू आलं तर सांडतो, तसा. पुरावा म्हणून ठेवलेला कागद कुणी इतक्यांदा वाचत नाही.

ठिपकीनं आईकडे पाहिलं. मग आजोबांकडे. मग बाबांकडे. तिघांच्याही डोळ्यांत भीती मावत नव्हती. पण कुणीही मानेनं नको म्हटलं नाही. आजोबांनी गालाकडे हात नेला आणि चामखीळ सरळ उपटून मुठीत धरली.

“बाई,” ठिपकी म्हणाली, “जरा तो कागद देता?”

बाईंनी कागद दिला. कपडे भरायला आतल्या खोलीकडे न वळता ठिपकी दाराजवळ गेली, टाचा उंच केल्या, आणि बाईंना दिसेल अशा बेतानं तिनं तो कागद आरशासमोर धरला.